नेस्टेड लूप

प्रोग्रॅमिंगमधील एक रचना. एका लूपच्या पोटात दुसरा लूप असतो आणि बाहेरच्याच्या प्रत्येक फेरीला आतला पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरा फिरतो. विचार जुना आहे : बॅबेजच्या ॲनॅलिटिकल इंजिनावर 1843 मध्ये लिहिलेल्या टिपांत एडा लव्हलेस हिने आवर्तनातल्या आवर्तनाची चर्चा केली होती.

पुणे–दौंड लोहमार्गाचा भाडेतक्ता घेऊ. लोणी, उरुळी, यवत, केडगाव, दौंड ही पाचच स्थानके पुरेत. बाहेरचा लूप ‘कुठून’ ठरवतो, आतला ‘कुठे’. बाहेरचा लोणीवर असताना आतला पाचही स्थानके उरकतो. मग बाहेरचा उरुळीवर सरकतो आणि आतला पुन्हा लोणीपासून निघतो. फेऱ्या 5 × 5, म्हणजे 25. नवशिके हटकून 10 म्हणतात. पाचात पाच मिळवतात.

यातल्या 5 फेऱ्या वाया जातात, कारण दौंडहून दौंडचे तिकीट कोणी काढत नाही. उरलेल्या 20 मध्येही यवत–दौंड आणि दौंड–यवत यांचे अंतर एकच, म्हणून भाडेही एकच. तेव्हा आतला लूप बाहेरच्याच्या पुढच्या स्थानकापासून सुरू करावा. मग तो आधी 4 वेळा फिरतो, नंतर 3, 2, 1, आणि बाहेरचा दौंडला पोचला की एकदाही नाही. एकूण 10. (नवशिक्यांचे उत्तर इथे बरोबर येते, पण योगायोगाने.) प्रात्यक्षिकाच्या वह्यांतले तारकांचे त्रिकोण याच युक्तीवर उभे असतात. मात्र त्यांत आकृती पाठ होते, आतल्या लूपची मर्यादा का बदलली हे बहुधा कळत नाही. कागदावर ‘कुठून’ आणि ‘कुठे’ असे दोन रकाने आखून फेऱ्या हाताने लिहून काढणे अधिक उपयोगी.

सी भाषेत दोन्ही लूपना एकच चल दिला, तर आतला बाहेरच्याची मोजणी बिघडवतो. व्हाइल लूपमध्ये आतल्या चलाची सुरुवातीची किंमत बाहेरच्या लूपच्या आधी एकदाच दिली, तर तक्त्यात फक्त लोणीची ओळ उमटते. ‘ब्रेक’ने सी व पायथनमध्ये आतला लूपच सुटतो; बाहेरचा चालू राहतो.

स्थानके दुप्पट झाली की फेऱ्या चौपट होतात. 7,000 स्थानकांचा पूर्ण तक्ता करायचा तर फेऱ्या 4 कोटी 90 लाख. आतला लूप पुढच्या स्थानकापासून सुरू केला, तरी जवळपास 2 कोटी 45 लाख उरतातच.