हेंगेमाटे

झोपण्याच्या झुल्यासाठीचा जर्मन शब्द. 'हेंगेन' (टांगणे) आणि 'माटे' (चटई) यांचा हा सरळ समास वाटतो. प्रत्यक्षात मात्र तो लोकव्युत्पत्तीचा नमुना आहे. मूळ शब्द कॅरिबियन बेटांवरील टाइनो लोकांचा, 'हामाका'. त्याचा टांगण्याशी वा चटईशी काहीही संबंध नाही. 1492 मध्ये तेथे पोचलेल्या कोलंबसाच्या रोजनिशीत कापसाच्या जाळ्यासारख्या या बिछान्यांचे वर्णन आहे. हा शब्द स्पॅनिशने जवळपास जसाच्या तसा उचलला. फ्रेंचमध्ये त्याचा 'आमाक' झाला.

खरा कायापालट डच भाषेत झाला. परका उच्चार कानाला ओळखीचा वाटावा म्हणून 'हांगमाक' हे रूप आले आणि पुढे शेवटचा 'क' जाऊन 'हांगमाट', म्हणजे टांगती चटई, रूढ झाले. वस्तू खरोखरच टांगलेली असल्याने हा चुकीचा अर्थ चपखल बसला. सतराव्या शतकात जर्मनने हेच रूप आपल्या घटकांत घडवून घेतले. समासाचे लिंग उत्तरपदावरून ठरत असल्याने शब्द स्त्रीलिंगी झाला. गंमत अशी, की यातील 'माटे'ही अस्सल जर्मन नव्हे. तो लॅटिन 'मात्ता'वरून आला आहे. इंग्रजीतील 'हॅमॉक' त्या मानाने मुळाशी प्रामाणिक राहिला.