शतरंज के खिलाडी : अभिनय आणि प्रतिसाद

सत्यजित राय यांनी दिग्दर्शित केलेला ऐतिहासिक चित्रपट (१९७७). अवधचे नवाब वाजिद अली शाह यांचे राज्य ईस्ट इंडिया कंपनीने १८५६ च्या फेब्रुवारीत खालसा केले, त्या दिवसांची ही कथा आहे. मूळ कथा प्रेमचंदांची, १९२४ सालची. राय यांचा हा पहिला हिंदी चित्रपट. संवाद शमा झैदी आणि जावेद सिद्दिकी यांचे, कलादिग्दर्शन बन्सी चंद्रगुप्त यांचे, छायाचित्रण सौमेंदू रॉय यांचे; निर्माते सुरेश जिंदल. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचे आणि रंगीत छायाचित्रणाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. मराठी वाचकाला ही कथा परकी वाटू नये. सातारा १८४८ मध्ये आणि नागपूर व झाशी १८५४ मध्ये ज्या कंपनीने दत्तक वारस नाकारून गिळली, तिनेच पुढे गैरकारभाराच्या सबबीवर अवधचा घास घेतला.

चित्रपटात दोन धागे समांतर चालतात. एकीकडे दरबारात राज्य जाते आहे; दुसरीकडे लखनऊचे दोन जहागीरदार, मिर्झा सज्जाद अली (संजीवकुमार) आणि मीर रोशन अली (सईद जाफरी), बुद्धिबळाच्या पटावरून उठत नाहीत. प्रतिसादाचा इतिहासही असाच दुभंगलेला आहे. चर्चा आणि वाद राजाच्या भूमिकेभोवती झाले. चित्रपटाचा भार मात्र खेळाडूंच्या, त्यातही मिर्झाच्या, अभिनयावर आहे.

राजाच्या भूमिकेत अमजद खान होते. 'शोले' (१९७५) प्रदर्शित होऊन फार काळ लोटला नव्हता आणि त्यातल्या त्यांच्या गब्बरचे संवाद गावोगावी लोकांना तोंडपाठ होते. त्या नटाला घुंगरू बांधणारा, ठुमऱ्या रचणारा, पाच वेळा नमाज पढणारा राजा करायला देणे ही निवड अनेकांना धाडसी वाटली. १९७६ मध्ये मुंबई–गोवा मार्गावर मोटार अपघातात अमजद खान गंभीर जखमी झाले. राय थांबले, त्यांनी दुसरा नट घेतला नाही. पडद्यावर जे दिसते ते या थांबण्याचे चीज करणारे आहे. या राजाचा आवाज जवळजवळ कधीच चढत नाही. दरबारात मंत्र्यांना बोल लावताना तो रागावतो, आणि त्याच बोलण्याच्या ओघात आपण या गादीवर का बसलो असे स्वतःलाच विचारू लागतो. जड शरीर, संथ पापण्या, मधूनच लहान मुलासारखी दुखावलेली नजर. एका प्रसंगातील गाणेही त्यांनी स्वतःच म्हटले आहे. शेवटी मुकुट उतरवून तो इंग्रज रेसिडेंट जनरल औट्रमपुढे धरतो, तेव्हा ओशाळतो तो औट्रम.

हे सर्वांना पटले नाही. १९७८ मध्ये 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'त राजबन्स खन्ना यांनी कडक टीका केली. इंग्रजांनी अवध घशात घालण्यासाठी वाजिद अलींचे नादान, बायकी असे जे चित्र उभे केले तेच राय यांनी पुढे चालवले, हा तिचा रोख. राय यांनी वर्षअखेरीस त्याच साप्ताहिकात सविस्तर उत्तर दिले. आपला वाजिद अली तसा नाही, असे सांगून त्यांनी कोणकोणती साधने वाचली त्यांची जंत्रीच मांडली. लखनऊवरचे अब्दुल हलीम शरर यांचे लेखन त्यात महत्त्वाचे. हा वाद वरवर इतिहासाचा असला तरी त्याच्या मुळाशी अभिनयाचा प्रश्न होता. अमजद खान यांनी राजाची हळवी बाजू इतकी खरी केली नसती तर खन्नांना तिचा एवढा राग आला नसता, आणि त्याच हळवेपणामुळे कितीतरी प्रेक्षकांना राजाची कीव न येता त्याच्याविषयी आदर वाटला. टीकेतला एक मुद्दा तरीही उरतोच. लढाई न करण्याचा राजाचा निर्णय चित्रपटात शोभून दिसतो. पुढच्याच वर्षी, १८५७ च्या उठावात, पेटणाऱ्या अवधची, बेगम हजरत महलच्या अवधची, धग त्यात फारशी नाही.

महाराष्ट्रात त्याच दशकात असाच वाद झाला होता. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १९७२ मध्ये पुण्यात आले. नाना फडणीसांची बदनामी झाली म्हणून विरोध झाला, प्रयोग बंद पडले आणि थिएटर अ‍ॅकॅडमीने ते पुन्हा उभे केले. तिथेही रोष लेखकाइतकाच मोहन आगाशे यांनी रंगवलेल्या नानावर होता: लंगडत, लाळ घोटत, नाचत येणाऱ्या त्या देहावर. मराठी ऐतिहासिक नाटकाने प्रेक्षकाला ताठ मानेच्या, खणखणीत संवादांच्या राजपुरुषाची सवय लावलेली होती. राजा आधी देहाने माणूस दिसला की ती सवय दुखावते. पुढे प्रेमचंदांच्याच कथेवरून राय यांनी 'सद्गती' (१९८१) केला. त्यात ओम पुरी यांच्याबरोबर स्मिता पाटील आणि मोहन आगाशे होते, आणि आगाशे यांच्या ब्राह्मणाचे नाव घाशीरामच होते.

रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा औट्रम हा इंग्रज खलनायकाच्या ठरीव साच्यातला नाही. आपला सहायक कॅप्टन वेस्टन (टॉम ऑल्टर) याला तो राजाच्या दिनक्रमाविषयी, कवितेविषयी खोदून विचारतो. औट्रमला त्यातले काही कळत नाही, आणि आपण करतो आहोत ते कराराला धरून नाही हे मात्र पुरते कळते. केवळ बोलण्यावर उभा असलेला हा प्रसंग अभिनयाचा वस्तुपाठ आहे. व्ही. एस. नायपॉल यांनी या चित्रपटातील एका प्रसंगाला शेक्सपियरच्या नाट्यप्रवेशाची उपमा दिली: शब्द मोजके, घडते ते प्रचंड. ऐतिहासिक औट्रमची ओळख आपल्याकडे जुनी आहे. त्याने १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी केली आणि पुढे तो सातारा व बडोदा येथे रेसिडेंट होता. 

सईद जाफरी यांना मीरच्या भूमिकेसाठी फिल्मफेअरचे सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. राय यांना दिग्दर्शनाचे. जाफरींचे यश उघड दिसणारे होते. बायकोच्या खोलीत तिचा प्रियकर (फारूक शेख) सापडतो आणि मीर त्याने रचलेल्या थापेवर विश्वास ठेवतो, या दृश्यातला त्यांचा भाबडेपणा प्रेक्षक हमखास उचलून धरतात.

संजीवकुमार यांचे काम असे वेगळे काढून दाखवता येत नाही, म्हणूनच ते बक्षिसांच्या यादीत मागे राहिले असावे. मिर्झा हा भला, आळशी, बेजबाबदार माणूस. पत्नी खुर्शीद (शबाना आझमी) त्याला आपल्याकडे खेचू पाहते तेव्हा त्याचा हात तिच्याजवळ असतो आणि मन पटावर. चेहऱ्यावर अपराध, कंटाळा आणि पळून जाण्याची घाई एकाच वेळी येते. ती सोंगट्या लपवते तेव्हा हे दोघे टोमॅटो, लिंबू, मिरच्या मांडून खेळतात. हशा पिकतोच, पण मिर्झा हसत नाही. त्याच्या दृष्टीने तो अत्यंत गंभीर प्रसंग आहे, आणि संजीवकुमार तो तसाच करतात. प्रेमचंदांच्या कथेत दोन्ही मित्र तलवारीने एकमेकांना मारतात. राय यांनी त्यांना जिवंत ठेवले: मीरच्या पिस्तुलाची गोळी मिर्झाला लागत नाही, दोघे ओशाळतात आणि इंग्रजी पद्धतीचा वेगवान डाव मांडतात. बदललेला शेवट नटांसाठी कठीण आहे. मरणाने सुटका होत नाही, लाज घेऊन बसावे लागते. राज्य गेले तरी रस्त्यावरून जाणाऱ्या फौजेकडे पाठ करून बसलेला एक वर्ग मिर्झाच्या त्या खाली गेलेल्या खांद्यांत दिसतो. माझ्या मते चित्रपटाचा निवाडा राजावर नाही, या खांद्यांवर आहे. राजाविषयीच्या वादात तो बहुतेकांच्या नजरेतून निसटला.

हा मिर्झा उभा करणाऱ्या संजीवकुमार (मूळ नाव हरिहर जेठालाल जरीवाला) यांचा जन्म ९ जुलै १९३८ रोजी सुरतेत झाला. 'दस्तक' आणि 'कोशिश' या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पारितोषिके मिळाली होती, आणि आपल्या वयापेक्षा कितीतरी मोठ्या माणसांच्या भूमिकांसाठी ते ओळखले जात. ६ नोव्हेंबर १९८५ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. तापीच्या पलीकडे, सुरतेहून इच्छापोर–हजिऱ्याकडे जाण्याच्या बाजूला पाल येथे सुरत महानगरपालिकेचे संजीवकुमार सभागृह आहे. ते २०१४ मध्ये सुरू झाले.