मिसिंग ओळखण्याची रीत: कॉइलच्या पेटीपासून स्कॅनरपर्यंत

पेट्रोल इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन वेळेवर पेटले नाही की इंजिन थरथरते आणि गाडी ओढत नाही. गॅरेजमध्ये याला ‘मिसिंग’ म्हणतात. ठिणगी, हवा-पेट्रोलचे मिश्रण किंवा कॉम्प्रेशन यांपैकी काहीतरी कमी पडलेले असते. नेमके काय, हे शोधण्याची साधने इंजिनाच्या रचनेबरोबर बदलत गेली.

१९०८ मध्ये आलेल्या फोर्ड मॉडेल टी गाडीत चार सिलिंडरना चार स्वतंत्र कॉइल होत्या. प्रत्येक लाकडी पेटीवरची धातूची पट्टी गुणगुणत असे. पट्टी बोटाने दाबून धरली की त्या सिलिंडरची ठिणगी थांबे. तरीही इंजिनाचा आवाज पालटला नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच बंद होता, हे उघड होई.

अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी ठिणगी देणारी, बॅटरीवर चालणारी नवी यंत्रणा बसवली, ती १९१० च्या कॅडिलॅकमध्ये. एक कॉइल, उघडझाप करणारे पॉइंट आणि प्रत्येक प्लगला करंट वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर, ही मांडणी मग अनेक दशके टिकली. चाचणीचे तत्त्व तेच राहिले. पट्टी दाबण्याऐवजी आता एकेका प्लगची वायर काढून आवाज ऐकला जाऊ लागला.

मुंबईत ही रीत रुजली ती टॅक्सींमुळे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११००डी आणि पुढे तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने तयार होत असे, आणि शहरात टॅक्सी म्हणून हीच गाडी धावे. तिच्या १०८९ सीसी इंजिनात प्लग १-३-४-२ या क्रमाने पेटत. वायरी उलटसुलट लागल्या तरी मिसिंग होई, म्हणून हा क्रम मेकॅनिकच्या तोंडी असे. बंद सिलिंडर सापडला की त्याचा प्लग दुसऱ्यात घालून पाहत. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लगच खराब. न सरकल्यास प्लगचा रंग वाचत: कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट ओल म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेले, फिकट तपकिरी म्हणजे सर्व ठीक. पॉइंट जळालेले दिसले तर संशय कंडेन्सरवर जाई. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट हवा शिरे; रात्री बॉनेट उघडले की गळक्या वायरींवर निळ्या ठिणग्या दिसत.

टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा आणखी एक खूण हाती आली. हा वायू पेटवायला जास्त व्होल्टेज लागते. त्यामुळे पेट्रोलवर सुरळीत आणि गॅसवर मिसिंग करणाऱ्या गाडीत आधी प्लग, वायरी आणि कॉइल तपासल्या जात.

पुढचा बदल प्रदूषणाच्या कायद्यांनी घडवला. न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो निकामी करते. अमेरिकेत १९९६ पासून मोटारींना ओबीडी-२, म्हणजे गाडीतच बसवलेली दोष शोधणारी यंत्रणा, सक्तीचे झाले. त्यात म्हणूनच मिसिंगवरची देखरेखही आली. भारतात भारत स्टेज ४ गाड्यांना ते २०१३ पासून लागू झाले. प्रत्येक सिलिंडर पेटताना क्रँकशाफ्टला धक्का मिळतो. तो चुकला की सेन्सरला वेगातला फरक कळतो आणि संगणक नोंद करतो: पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०० म्हणजे एकाहून अधिक किंवा अनिश्चित.

स्कॅनरवर वाचलेला हा कोड सिलिंडर दाखवतो, कारण सांगत नाही. त्यासाठी आजही प्लग आणि कॉइल अदलाबदल करून दोष सरकतो का ते पाहावे लागते, आणि तेवढ्याने उलगडा झाला नाही तर इंजेक्टर व कॉम्प्रेशन तपासावे लागते.