पृष्ठतळाशी : केरीचे तेलगोळे

* तेलगोळे : पेडणे तालुक्यात केरी, हरमल, मांद्रे, मोरजी येथे पावसाळ्याच्या आगेमागे वाळूवर येणारे काळे, चिकट गोळे. समुद्रात सांडलेल्या किंवा टँकर धुऊन सोडलेल्या खनिज तेलातले हलके घटक उडून जातात. उरलेला जड भाग लाटांत घुसळला जातो आणि नैर्ऋत्येचा वारा तो किनाऱ्याला लावतो. गोव्यातल्या गोळ्यांचे रासायनिक ठसे दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तपासले आहेत. काहींचे मूळ मुंबई हायच्या तेलाशी जुळले.

लेखक त्यांना ‘न कुजणारे’ म्हणतो, ते अर्धेच खरे. अल्कॅनिव्होरॅक्ससारखे जिवाणू हायड्रोकार्बनवरच जगतात. कार्बनच्या साखळीच्या टोकाला ते प्राणवायूचा अणू जोडतात; तिचे आधी अल्कोहोल, मग मेदाम्ल होते आणि पुढे दोन-दोन कार्बन तुटत जातात. इंजिनातही तेल आणि प्राणवायूच लागतो, शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. फरक असा की इंजिन ते काम क्षणात, प्रचंड उष्णतेत उरकते. जिवाणू समुद्राच्या तापमानात, सावकाश. शिवाय त्यांना नायट्रोजन आणि फॉस्फरस हवा, जो तेलात जवळजवळ नसतो. गोळ्याच्या फक्त पृष्ठभागावर त्यांचा हात पोचतो, आणि डांबरासारखे जड रेणू तर ते बहुधा सोडूनच देतात.

हीच भूक इंधनाच्या टाकीत नकोशी होते. डिचोलीच्या सारमानस धक्क्यावरून खनिज नेणाऱ्या बार्जींचा उल्लेख पुढे येतो. अशा कोणत्याही डिझेल टाकीच्या तळाशी पाणी साचले की दोहोंच्या सीमेवर बुरशी धरते आणि फिल्टर तुंबतो.
—संपा.