त्यक्त वस्तू आणि तिचा स्वीकार : एक ऐतिहासिक विचार

(१)

घरातील नकोशी झालेली वस्तू दाराबाहेर ठेवावयाची आणि ज्याला हवी असेल त्याने ती न्यावी अशी मनोमन मुभा द्यावयाची, हा व्यवहार वरवर पाहता अगदी क्षुल्लक आहे. त्यात लेख नाही, साक्षीदार नाही, मोबदला नाही. देणारा आणि घेणारा यांची गाठसुद्धा पडत नाही. तथापि स्वामित्वाच्या इतिहासातील एक अवघड प्रश्न या साध्या व्यवहारात दडलेला आहे. पहिल्याने वस्तू सोडली आणि दुसऱ्याने ती उचलली, या दोन क्षणांच्या दरम्यान ती वस्तू कोणाची असते? प्राचीन रोमन विधिज्ञांनी आणि भारतीय धर्मशास्त्रकारांनी या प्रश्नाचा सूक्ष्म ऊहापोह केला. एकोणिसाव्या शतकातील पॅरिसमध्ये आणि अलीकडे पुण्यात त्याच प्रश्नावर सहस्रावधी लोकांची उपजीविका अवलंबून राहिली. या दोन टोकांचा संबंध दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रश्नाची गुंतागुंत मराठी भाषेने आपल्या संयुक्त क्रियापदांत जतन करून ठेवली आहे. ‘देऊन टाकणे’ आणि ‘टाकून देणे’ या दोन प्रयोगांत धातू तेच, केवळ त्यांचा क्रम उलटा. परंतु अर्थ निरनिराळे. ‘जुनी पेटी भावाला देऊन टाकली’ असे म्हणता येते; ‘भावाला टाकून दिली’ असे म्हणता येत नाही. पहिल्या प्रयोगात घेणारा असतो, मात्र देणाऱ्याचे लक्ष वस्तूतून मोकळे होण्याकडे असते. दुसऱ्यात घेणाऱ्याला चतुर्थीचे स्थानच उरत नाही. तरीही ‘देणे’ हा धातू सहायक म्हणून मागे राहतोच. दाराबाहेर ठेवलेली वस्तू नेमकी या दोन प्रयोगांच्या सीमेवर असते. घेणारा अपेक्षित आहे, पण तो कोण हे ठाऊक नाही.

‘पाणी सोडणे’ आणि ‘तुळशीपत्र ठेवणे’ हे वाक्प्रचारही या दृष्टीने विचारार्ह आहेत. दोन्ही मूळचे दानविधीतील. संकल्पपूर्वक उदक सोडून आणि देय वस्तूवर तुळशीपत्र ठेवून ती वस्तू दुसऱ्याच्या हवाली करावयाची असे. पण आज ‘त्याने वाडवडिलांच्या इस्टेटीवर पाणी सोडले’ असे म्हटले असता इस्टेट कोणाला मिळाली याचा बोध होत नाही. त्याने हक्क सोडला एवढेच कळते. विधीतील प्रतिग्रहीता लोपला आणि त्याग तेवढा शिल्लक राहिला. दान आणि त्याग यांच्यामधील रेषा व्यवहारात किती पुसट असते, याचा हा भाषिक पुरावा होय.

(२)

रोमन विधिज्ञांनी त्यक्त वस्तूचा स्वतंत्र विचार केला. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने संकलित झालेल्या ‘डायजेस्ट’मध्ये या विषयाला एक प्रकरण दिलेले असून त्यात एक जुना मतभेद नोंदलेला आहे. प्रोक्युलस याच्या मते दुसऱ्याने वस्तू ताब्यात घेईपर्यंत ती मूळ मालकाचीच राहते. ज्युलियन याच्या मते मालकाने सोडताक्षणी तिच्यावरील त्याचे स्वामित्व संपते. मात्र दुसऱ्याने हस्तगत करीपर्यंत ती कोणाचीच नसते. पॉलस या विधिज्ञाने ज्युलियनचा पक्ष योग्य ठरविला. म्हणजेच सोडणे आणि घेणे यांच्यामध्ये वस्तूला एक अस्वामिक अवस्था असते, हे मान्य झाले.

या मतभेदाचा व्यावहारिक परिणाम मोठा होता. वस्तू अजून मालकाची असेल तर ती उचलणारा चोर ठरण्याचा संभव. ती अस्वामिक असेल तर तो निर्दोष. साहजिकच सोडणाऱ्याचा हेतू काय होता, हाच निर्णायक प्रश्न बनला. जस्टिनियनच्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या ग्रंथात (इ. स. ५३३) त्याचे एक मार्मिक उदाहरण आहे. वादळात सापडलेले गलबत हलके करण्यासाठी समुद्रात फेकलेला माल मालकाचाच राहतो. तो नकोसा झाला म्हणून फेकलेला नसतो. लाटांनी किनाऱ्यास लागलेला असा माल स्वलाभाच्या बुद्धीने उचलणारा चोरी करतो. धावत्या वाहनातून मालकाच्या नकळत पडलेल्या वस्तूंनाही हाच न्याय लावलेला आहे.

त्याच ग्रंथात याच्या शेजारीच आणखी एक प्रकार येतो. उत्सवप्रसंगी अधिकारी लोकसमुदायात धन उधळीत. कोणाच्या हाती काय पडेल हे उधळणाऱ्याला ठाऊक नसे. पण जो जे झेलील ते त्याचे व्हावे, अशी त्याची इच्छा असे. म्हणून घेणारा अनिश्चित असूनही स्वामित्वाचे संक्रमण तात्काळ होते, असे मानले गेले. दाराबाहेर ठेवलेल्या वस्तूला सर्वांत जवळचा दाखला हाच म्हणावा लागेल. फरक इतकाच की उधळणाऱ्याचा हेतू सर्वांसमक्ष प्रकट होत असे. दाराबाहेरच्या वस्तूचा हेतू मात्र ती पाहणाऱ्याला तर्काने जाणावा लागतो.

(३)

भारतीय परंपरेत हीच चर्चा दानाच्या व्याख्येच्या अनुषंगाने झाली. याग, दान आणि होम या तिन्ही क्रियांत ‘उत्सर्ग’ म्हणजे स्वतःच्या वस्तूचा त्याग हा समान अंश आहे, हे शबरस्वामींनी जैमिनिसूत्रांवरील भाष्यात दाखविले. दानाचे वैशिष्ट्य असे की त्यात स्वतःचे स्वत्व निवृत्त होऊन दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न होते. देवलाने दानाची सहा अंगे सांगितली आहेत. त्यांत दात्याच्या पाठोपाठ प्रतिग्रहीत्याची गणना आहे.

परंतु दुसऱ्याचे स्वत्व नेमके केव्हा उत्पन्न होते? मिताक्षराकार विज्ञानेश्वराच्या मते घेणाऱ्याने स्वीकार केल्यावाचून दान पूर्ण होत नाही. उलट दायभागकार जीमूतवाहनाने दात्याच्या त्यागक्रियेनेच प्रतिग्रहीत्याचे स्वत्व उत्पन्न होते असे प्रतिपादिले. रोममधील वाद आणि हा वाद एकाच स्वरूपाचे नव्हेत, कारण येथे घेणारा आधीच निश्चित असतो; तथापि दोन्ही ठिकाणी पेच एकच आहे : देणे ही एकाची क्रिया की दोघांची?

घेणारा निश्चित नसेल अशा त्यागासाठी धर्मशास्त्राने वेगळी संज्ञा वापरली. तळी, विहिरी, बागा सर्वांच्या उपयोगासाठी अर्पण करणे याला ‘उत्सर्ग’ म्हणतात. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात (१९४१) दान आणि उत्सर्ग यांतील हा भेद विशद केला आहे. उत्सर्गानंतर अर्पण करणाराही सर्वसामान्यांपैकी एक म्हणून त्या तळ्याचे पाणी घेऊ शकतो. दान दिलेल्या वस्तूला तो पुन्हा हात लावू शकत नाही. वृषोत्सर्गात सोडलेला वळू तर कोणाचाच राहत नाही. मराठीत त्याच्यासाठी ‘सोडणे’ हेच क्रियापद रूढ आहे, हे लक्षणीय होय.

असे असूनही, घरातील जुनी वस्तू सर्वांसाठी दाराबाहेर ठेवण्याला महाराष्ट्रात प्रतिष्ठा लाभलेली दिसत नाही. याचे एक कारण लोकाचारात सापडते. पीडा उतरविण्यासाठी नारळ, लिंबू, कुंकू लावलेला भात असा उतारा तिठ्यावर ठेवतात. तो ओलांडणाऱ्याला किंवा उचलणाऱ्याला ती पीडा लागते असा समज आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री केरसुणी व सूप घेऊन अलक्ष्मी घराबाहेर घालविण्याचा आचारही याच जातीचा. वस्तूबरोबर घरातील अशुभही बाहेर जाते, अशी भावना असल्यावर बाहेर ठेवलेली वस्तू संशयास्पद ठरणे स्वाभाविक होते. म्हणून जुने कपडे बोहारणीला देऊन भांडे घ्यावयाचे, तांब्यापितळेची फुटकी भांडी मोडीत घालावयाची, उरलेसुरले कामकरणीच्या हाती द्यावयाचे, हीच रीत पडली. या प्रत्येक व्यवहारात घेणारा समोर उभा असतो. मात्र याची दुसरी बाजूही विसरता कामा नये. हातात न देता जे बाहेर टाकले गेले, ते उचलणे हीनतेचे मानले गेले. आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना त्या कामाबरोबर हीनताही वाट्याला आली.

(४)

विधिज्ञांच्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. सोडणारा एक आणि उचलणारा एक; त्यांच्यामध्ये तिसरा कोणी नाही. आधुनिक नगरप्रशासनाने हे गृहीत मोडून काढले. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण पॅरिसचे आहे.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे रहिवासी घरातील टाकाऊ जिनसा रात्री दारासमोर रस्त्यावर लोटून देत. पाठीवर टोपली, हातात आकडा आणि कंदील घेतलेले ‘शिफोनिये’, म्हणजे चिंध्या वेचणारे, सकाळच्या गाडीपूर्वी त्या ढिगांतून हवे ते निवडीत. त्यांच्या वेचणीवर मोठे उद्योग चालत. लाकडाच्या लगद्याचा कागद प्रचारात येण्यापूर्वी कागद चिंध्यांपासून बनत असे. हाडांपासून गुंड्या आणि सरस तयार होई, तसेच साखर शुद्ध करण्यासाठी लागणारा कोळसाही. १८२८ मध्ये पोलिसांनी या लोकांना परवान्याचा बिल्ला बाळगणे सक्तीचे केले. बिल्ल्यामुळे त्यांच्यावर पाळत ठेवणे सोपे झाले. परंतु रस्त्यावरील ढिगावर त्यांचा काही संबंध पोहोचतो, याची अप्रत्यक्ष कबुलीही त्याच बिल्ल्याने दिली.

ही कबुली किती पोकळ होती, ते १८३२ मध्ये कळून आले. पटकीच्या साथीत शहर स्वच्छ ठेवण्यासाठी कचरा त्वरेने उचलण्याची नवी व्यवस्था करण्यात आली. ढीग वेचण्याआधीच गाडीत जाणार हे दिसताच शिफोनिये खवळले. दंगा झाला, गाड्यांची मोडतोड झाली. आरोग्याचा युक्तिवाद खोटा नव्हता. परंतु साथीच्या दिवसांत ज्यांची रोजची भाकरी त्या ढिगात होती, त्यांना विचारण्याची आवश्यकता कोणालाच भासली नव्हती.

निर्णायक बदल पुढे अर्धशतकाने झाला. सेन विभागाचा प्रीफेक्ट यूजेन पूबेल याने २४ नोव्हेंबर १८८३ रोजी हुकूम काढला. प्रत्येक इमारतीच्या मालकाने भाडेकरूंसाठी झाकणाची पेटी पुरवावी. कुजणारा कचरा, कागद व चिंध्या, आणि काच, चिनी माती व कालवांचे शिंपले असे तीन भाग वेगळे ठेवावेत. आणि पेट्या सकाळी गाडी येण्याच्या सुमारास बाहेर आणाव्यात, अशी तरतूद होती. रात्रभर उघडी असणारी वस्तू आता झाकणाखाली गेली आणि वेचण्याचा अवधी थोडक्या वेळावर आला. वृत्तपत्रांतून टीका झाली, शिफोनियेंनी विरोध केला. तेव्हा १८८४ मध्ये पेटी फडक्यावर रिकामी करून निवड करण्याची आणि उरलेले पुन्हा पेटीत भरण्याची सवलत देण्यात आली. त्रिविध वर्गीकरण मात्र फार काळ टिकले नाही.

या घडामोडींत ‘प्लासिये’ नावाचा एक वर्ग विशेष लक्षणीय आहे. इमारतीच्या द्वारपालाशी त्याचे संधान असे. पेट्या बाहेर आणण्याचे काम तो करी आणि त्याच्या मोबदल्यात पहिली निवड त्याची असे. ही जागा वारसाहक्काने दिली जाई, विकलीही जाई. जी वस्तू विधिज्ञांच्या मते अस्वामिक, तिच्यावर रूढीने असा एक हक्क निर्माण केला होता. तो कोणत्याही संहितेत नव्हता. तो दारावरच्या ओळखीवर उभा होता.

पूबेलचे आडनाव पुढे फ्रेंच भाषेत कचरापेटीचे सामान्यनाम झाले. हुकूम काढणाऱ्याचे नाव भाषेत अमर झाले. वेचणाऱ्यांपैकी एकाचेही झाले नाही.

(५)

हाच प्रसंग निराळ्या रूपाने पुण्यात उभा राहिला. तेथील कचरावेचकांनी, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना स्थापन केली. संघटनेने दिलेल्या ओळखपत्रांना महानगरपालिकेने त्याच दशकात मान्यता दिली. पॅरिसच्या बिल्ल्याशी या ओळखपत्राचे साम्य उघड आहे. भेद असा की बिल्ला शासनाने लादला होता, ओळखपत्र कष्टकऱ्यांनी मागून घेतले. पुढे २००० च्या नियमांनी घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्यावर भर दिला. रस्त्यावरील कुंडी गेली की वेचणारीचे जगण्याचे साधन जाणार, ही जुनीच भीती पुन्हा उभी राहिली. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महानगरपालिकेशी करार केला आणि वेचणारी स्वतःच दारापर्यंत आली. गोळा केलेल्या जिनसांतून विकण्याजोगे काढून घेण्याचा तिचा अधिकार त्या व्यवस्थेत अंतर्भूत होता. प्लासियेच्या रूढीला जे लेखी रूप पॅरिसमध्ये लाभले नव्हते, ते येथे काही अंशी लाभले. २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरावेचकाची व्याख्या आली, हाही त्याच दिशेचा टप्पा मानावा लागेल.

या साऱ्या विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. त्यक्त वस्तूचा विचार करताना विधिज्ञांनी सोडणाऱ्याचे मन तपासले. धर्मशास्त्रकारांनी त्याच्या जोडीला घेणाऱ्याच्या स्वीकाराचाही विचार केला. परंतु नगरांच्या इतिहासात खरा निर्णय वस्तू ठेवलेल्या जागेने आणि ती तेथे राहण्याच्या अवधीने केला. जोवर उंबरठ्याबाहेरची जागा सर्वांची आणि रात्र मोकळी, तोवर टाकणाऱ्याच्या मनात असो वा नसो, टाकलेल्या वस्तूतून देणे घडत होते. पेटीला झाकण आणि गाडीला वेळ मिळताच तीच वस्तू नगरपालिकेचा कचरा ठरली आणि ती उचलणारा आगंतुक झाला. ‘टाकून देणे’ या प्रयोगातील ‘देणे’ कोणाला, असा प्रश्न व्याकरण विचारीत नाही. नगराच्या नियमांना मात्र तो विचारावाच लागतो, कारण त्याच्या उत्तरावर कोणाची तरी चूल अवलंबून असते.