तळ्यात की मळ्यात? छोट्या फुटबॉल मैदानांची गोष्ट

आज विषय मैदानाचा आहे, पण सुरुवात पाण्यापासून करू या.

बंगळुरूच्या उत्तरेला येलहंका आहे. आज तिथे हवाई दलाचा तळ आहे, मोठमोठ्या सोसायट्या आहेत, विमानतळाकडे जाणारा रस्ता आहे. पण बंगळुरू शहर जन्माला येण्याआधी सत्ता इथे होती. विजयनगरच्या राजांचे मांडलिक असलेले केंपेगौडा हे येलहंकाचे नाडप्रभू. १५३७च्या सुमारास त्यांनी बंगळुरूचा कोट आणि पेठ वसवली. पुढे १६३८ साली विजापूरच्या फौजेने हे ठाणं जिंकलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यामुळे हा इतिहास आपल्यालाही परका नाही.

केंपेगौडांच्या गावाची एक अडचण होती. जवळ मोठी नदी नाही. पठारावर पाऊस पडतो आणि उतारावरून वाहून जातो. मग उतारावर बांध घालायचा, पाणी अडवायचं, एक तळं भरलं की त्याचं जादा पाणी खालच्या तळ्यात सोडायचं. कन्नडमध्ये अशा तळ्याला 'केरे' म्हणतात. धर्मांबुधी, केंपांबुधी, संपंगी ही त्यातली प्रसिद्ध नावं.

आता ही तळी शोधायला गेलात तर काय दिसेल? धर्मांबुधीच्या जागी मॅजेस्टिकचं बसस्थानक आहे. संपंगीच्या जागी श्री कंठीरवा स्टेडियम आहे. करग उत्सवाच्या विधीसाठी राखलेलं एक छोटं कुंड तेवढं उरलंय. आणि अशोकनगर भागात शूले नावाचं तळं होतं, तिथे आज बंगळुरू फुटबॉल स्टेडियम उभं आहे. आजच्या गोष्टीतलं छोटं स्टेडियम ते हेच.

तुम्ही म्हणाल, हा बंगळुरूचा प्रश्न झाला. मग कोल्हापूरला चला. कपिलतीर्थ बुजवून तिथे मंडई झाली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं आणि रावणेश्वर तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम आलं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ जिथे एकमेकांना भिडतात आणि सामन्याच्या दिवशी पेठाच्या पेठा लोटतात, ते मैदानही तळ्यातच आहे. दोन वेगळी राज्यं, दोन वेगळ्या भाषा आणि फुटबॉलवेडी दोन गावं. तरी दोन्हीकडे एकच का घडलं?

पहिलं कारण नळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगळुरूला हेसरघट्ट्याहून पाणी येऊ लागलं, कोल्हापूरला कळंब्याच्या तलावातून. घरात नळ आला आणि गावातल्या तळ्याची राखण संपली. गाळ कोणी काढेना, सांडपाणी मात्र येत राहिलं. मग डास आले, मलेरिया आला आणि तळं बुजवणं हे आरोग्याचं काम ठरलं.

दुसरं कारण जमिनीची मालकी. दाट वस्तीच्या मधोमध इतकी मोठी, सपाट आणि कोणा एकाच्या मालकीची नसलेली जागा दुसरी कुठे मिळणार? फुटबॉलचं मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. घरं पाडून एवढी जागा काढायची तर दंगल होईल. तळं बुजवलं तर मोर्चाही निघत नाही.

तिसरं कारण आकाराचं. तळं म्हणजे खोलगट जमीन आणि भोवती चढ. प्रेक्षागृहालाही नेमकं तेच लागतं. कोल्हापूरकरांना हे आधीपासून ठाऊक होतं, कारण त्यांच्याकडे खासबाग होतं. १९०२ साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि त्यावरून खासबागेची कल्पना सुचली, असं सांगतात. १९१२ साली ते कुस्ती मैदान खुलं झालं. मधे हौदा आणि चारी बाजूंनी वर चढत जाणारी बैठक. कुठेही बसा, कुस्ती दिसते.

गंमत बघा, त्याच १९०२च्या एप्रिलमध्ये स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर मोठा अपघात झाला. लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या टाकून उभारलेला सज्जा सामना चालू असतानाच कोसळला आणि २५ माणसं गेली. त्या मैदानाचे आराखडे आर्चिबाल्ड लीच या अभियंत्याचे होते. त्यानंतर ब्रिटनमध्ये उंच लाकडी सज्ज्यांवरचा विश्वास उडाला आणि मातीचा भराव घालून त्यावर पायऱ्या करण्याकडे कल वाढला. लीचनेही पुढे ब्रिटनची कितीतरी मैदानं घडवली. गर्दीच्या वजनाखाली मातीचा उतार मोडून पडत नाही, हा धडा तिकडे माणसं गमावून मिळाला.

आता छोट्या स्टेडियमच्या रचनेकडे येऊ. इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे नजर. तुमच्या पुढे बसलेल्याच्या डोक्यावरून तुम्हाला चेंडू दिसला पाहिजे. त्यासाठी तुमच्या नजरेची रेषा त्याच्या डोळ्यांच्या साधारण ९ ते १२ सेंटिमीटर वरून जावी लागते. हे प्रत्येक रांगेला साधायचं तर मागच्या पायऱ्या पुढच्यांपेक्षा थोड्या जास्त उंच कराव्या लागतात. म्हणून चांगल्या मैदानाची बैठक सरळ उताराची नसते, वर जाताना ती किंचित अधिक चढी होत जाते. स्कॉट रसेल या अभियंत्याने हे गणित १८३८ सालीच मांडलं होतं.

दुसरी गोष्ट सूर्य. मैदान शक्यतो उत्तर-दक्षिण ठेवतात, म्हणजे संध्याकाळचं ऊन गोलरक्षकाच्या डोळ्यांत जात नाही. मुख्य बैठक पश्चिमेला, म्हणजे प्रेक्षकांच्या पाठीशी सूर्य.

तिसरी गोष्ट अंतर, आणि इथेच आपल्याकडे नेहमी घोटाळा होतो. पैसे कमी, म्हणून आपण एकाच मैदानात फुटबॉलही घेतो आणि भोवती धावण्याचा ४०० मीटरचा ट्रॅकही घालतो. आठ लेनचा ट्रॅक बाहेरून साधारण १७७ मीटर लांब होतो. त्यात १०५ मीटरचं मैदान बसवलं की प्रत्येक गोलच्या मागे सुमारे ३६ मीटर मोकळे राहतात. चेंडूचा व्यास जेमतेम २२ सेंटिमीटर. त्या टोकाला बसलेल्या माणसाला समोरचा गोल दिसत नाही, लोक ओरडले की कळतो.

बंगळुरूने हा फरक एका वर्षात अनुभवला. २०१३ साली बंगळुरू एफसी हा संघ निघाला. पहिल्या मोसमात घरचे सामने त्या शूले तळ्यावरच्या छोट्या मैदानात झाले आणि पहिल्याच झटक्यात संघाने आय-लीग जिंकली. पाठीराख्यांच्या गटाने नाव घेतलं 'वेस्ट ब्लॉक ब्लूज', तिथल्या पश्चिमेकडच्या बैठकीवरून. २०१४ साली संघ मोठ्या कंठीरवात गेला, तिथे मधे ट्रॅक आहे. नाव मात्र छोट्या मैदानाचंच राहिलं.

म्हणजे फुटबॉलला छोटं, जवळचं, खोलगट मैदान हवं. आणि तळ्याने ते दिलं. मग तक्रार कसली?

तक्रार पाण्याची आहे. तळं बुजवलं तरी उतार बुजत नाही. चारी बाजूंचं पाणी जुन्या वाटेनेच येतं. त्यात तळ्याचा तळ चिकणमातीचा, म्हणून तर तिथे पाणी टिकत होतं. त्यावर हिरवळ लावायची तर खाली खडी, वर वाळू, मधे सच्छिद्र नळ आणि मैदानाला मधून कडेकडे हलका उतार एवढं सगळं करावं लागतं. हे केलं नाही तर पावसाळ्यात चिखल. आणि उत्तम केलं, तर तुम्ही ते पाणी फक्त लवकर पुढच्या गल्लीत ढकललंत. पूर्वी वरचं तळं पाणी धरून ठेवायचं आणि जादा तेवढं खाली सोडायचं. मैदान पाणी धरत नाही.

पुन्हा येलहंकाला येऊ. केंपेगौडांच्या या मूळ गावाचं तळं अजून शिल्लक आहे, शेजारी पुट्टेनहळ्ळीचं पक्ष्यांचं तळंही आहे. ऑक्टोबर २०२४च्या पावसात येलहंकाचं तळं ओसंडलं, जवळच्या मोठ्या वसाहतीत पाणी शिरलं आणि माणसांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. तळं जिवंत असताना ही स्थिती. ते बुजवलेलं असतं तर?

अशा उपनगरांना छोटी मैदानं लागणारच आहेत. पोरांना खेळायला जागा नाही, हे पुण्यातही खरं आहे, नागपुरातही आणि इंदूर-बडोद्यातही. १९३७ साली मुंबईची रोव्हर्स स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय संघ बंगळुरूचा होता, बंगलोर मुस्लिम्स. असे संघ वस्तीतल्या मोकळ्या जागांवरच घडतात. ती जागा कुणीतरी राखून ठेवावी लागते.

म्हणून तुमच्या गावात मैदानाचा आराखडा मंजुरीला आला तर तीन प्रश्न जरूर विचारा. ट्रॅक घालून प्रेक्षकांना लांब का ढकलता? शेवटच्या रांगेतून चेंडू दिसेल का? आणि तिसरा, सगळ्यात आधी विचारायचा: या जागेवर पूर्वी काय होतं? तिसऱ्याचं उत्तर नगरपालिकेच्या कागदावर बहुधा सापडणार नाही. गावातल्या एखाद्या आजींना विचारा. त्या ज्या जागेला अजून 'तळ्यावर' म्हणतात, तिथे मैदान करायचंच असेल, तर पाण्याने कुठे जायचं हे आधी ठरवा.

तुमच्या गावात असं तळ्यातलं मैदान असेल तर आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.