नखांची हत्यारे : घरगुती सफाई व जंतुनाशन

नेलकटर, नखांची कानस, चिमटा, कडेची कातडी मागे सारायची पट्टी यांची घरच्या घरी करावयाची स्वच्छता. न्हाव्याच्या धोकटीतली नराणी मागे पडली आणि नेलकटर घरोघरी आला. माणसे पाच, नेलकटर एक, ही बहुतेक घरांतली स्थिती, आणि काळजी वाटावी ती इथेच.

नख जाड, पिवळट व भुसभुशीत करणारी बुरशी बहुतेकदा ट्रायकोफायटन रुब्रम ही असते. कापलेल्या नखाच्या भुग्यातून ती पात्यावर येते. कडेची कातडी ओढली गेली की जीवाणू आत शिरतात. बोट सुजते, ठणकते, नखुरडे होते. हेपटायटिस बीचा विषाणू तर शरीराबाहेर किमान ७ दिवस संसर्गक्षम राहू शकतो, म्हणून रक्ताचा पुसटसा डाग लागलेला नेलकटरही दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

नेलकटर उजेडात धरून पाहिला, तर दोन पात्यांच्या बेचक्यात आणि दांडीच्या खिळीभोवती पांढरट भुगा चिकटलेला दिसतो. यावर थेट स्पिरिट ओतणे हीच सर्रास होणारी चूक. मळाच्या थराखाली जंतू सुरक्षित राहतात. आधी कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश. दांडी फिरवून खालची बाजूही घासावी, कानशीच्या खाचा तर नक्कीच. मग धुऊन पूर्ण कोरडे करावे, कारण उरलेल्या पाण्याने स्पिरिट पातळ होते.

त्यानंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १० मिनिटे बुडवावे. ९९ टक्क्यांचे अधिक जालीम वाटते, पण ते झटकन उडून जाते. जंतूंमधली प्रथिने मोडायला थोडे पाणी लागतेच. स्पिरिट पेट घेते, तेव्हा हे काम गॅसच्या शेगडीजवळ नको. अर्थात हे जंतुनाशन झाले, संपूर्ण निर्जंतुकीकरण नव्हे: जीवाणूंचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत.

ब्लीचने स्टीलला गंज चढतो. कागदी कानस सच्छिद्र असल्याने खऱ्या अर्थाने साफ होत नाही. ती एकट्यानेच वापरावी आणि झिजली की टाकावी. काचेची कानस मात्र धुता येते.

घरात कुणाला नखाची बुरशी असेल, तर त्याचा नेलकटर वेगळा हवा. पायाच्या अंगठ्याचे नख पूर्ण नवे यायला १२ ते १८ महिने लागतात. तेवढा काळ त्या नेलकटरला लाल दोरा बांधून ठेवावा, म्हणजे घाईत चुकून दुसऱ्याच्या हाती जात नाही.